डोंगरावरच्या पिवळ्या वाट्या

माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्याने आपल्या सासऱ्यांशी माझी ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे दिनूभाऊ. कॉलेजात किडे मारतात." यात तसं खोटं काही नव्हतं. पण सासऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. मला हाताला धरून ते मांडवाच्या कडेला घेऊन गेले आणि हळू आवाजात विचारते झाले, की ढेकणांवर तुमच्याकडे काय आहे? मी म्हटलं, ढेकणाची एक फार सुंदर काचपट्टी आहे, सूक्ष्मदर्शकाखाली सोंड अगदी स्पष्ट दिसते. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

मी रोह्याकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, झुरळं आणून ठेवणारा, आणि मुलांनी झुरळ बघून किंकाळी फोडली की "काही करत नाही ते, मेलंय" असं सांगणारा माणूस. राहायला पेणजवळच्या हमरापूरला. घरचा धंदा गणपतीच्या मूर्तींचा. थोरला भाऊ आणि वहिनी कारखाना चालवतात. आमच्याकडे मूर्ती करतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती पडवी का असेना. लहानपणी मलाही ब्रश दिला होता. मी एका उंदराला डोळे काढले, ते बघून वडिलांनी मला कॉलेजात नोकरीला लावलं. घराण्यात कलेचा वारसा असा पुढे जातो.

आमचे सर किड्यांचे. त्यामुळे मीही हळूहळू किड्यांचा झालो. गावात कुणाच्या पडवीत गांधीलमाशीने घर केलं, डाळीत टोके झाले, लिंबाच्या झाडावर अळी पडली, की फोन मला येतो. पेणच्या वाशीकडच्या खारेपाटातले एक मिठागरवाले काका तर दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास भेटतात आणि विचारतात, "तुमच्या शास्त्रात डासावर काय निघाला काय रं?" मी नाही म्हणतो. ते मान हलवतात. माझ्यापेक्षा त्यांना शास्त्राचीच जास्त काळजी वाटते.

तर गोष्ट सांगायची आहे ती मधुराची. आणि थोडी वहिनींची.

मधुरा आमच्या सरांकडे डॉक्टरेट करायला आली. पेणची मुलगी. तिला जायचं होतं दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या एका बेटावर. पायथ्याला नारळ आणि माथ्यावर ढग असलेला डोंगर, आणि समुद्राच्या काठापासून ढगापर्यंत किडे कसकसे बदलत जातात ते बघायचं, असा तिचा बेत. तो काही जमला नाही. परवानग्या अडकल्या, वर्ष गेलं. तेव्हा सर एक दिवस तिला गच्चीवर घेऊन गेले. पावसाळा होता. खांब गावाच्या पलीकडचा डोंगर समोर दिसत होता, आणि त्याच्या चहूबाजूंना भाताची खाचरं पाण्याने तुडुंब भरलेली. सर म्हणाले, "हे घे तुझं बेट."

मी चहा घेऊन मागे उभा होतो. मला वाटलं, सर समजूत घालताहेत. पण त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा पटलं. डोंगराच्या माथ्यावर राहणाऱ्या बारक्या जिवाला खालचा उकाडा सोसत नाही. पलीकडच्या डोंगरावर जायचं म्हटलं तर मधे सगळं भात. त्या जिवाला समुद्र काय आणि भात काय, सारखंच. तो अडकलेला. खालचे वर जात नाहीत, कारण वर वारा फार आणि माती कमी. मग मधल्या उतारावर कोण राहतं, किती राहतात, कुठल्या उंचीला गोतावळा सगळ्यात मोठा, हे मोजायचं. बेटांवरच्या डोंगरांवर लोकांनी हे मोजलेलं आहे. कुठे वर जाईल तसे प्रकार कमी होत जातात, कुठे मधल्या टप्प्यावर सगळ्यात जास्त सापडतात. आमच्या डोंगराला मात्र कुणी कधी विचारलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. किडे पुष्कळ असणं वेगळं आणि पुष्कळ प्रकारचे असणं वेगळं. भातात तुडतुडे लाखाने असतात, पण सगळे एकाच घरचे, लग्नाच्या वऱ्हाडासारखे. राईत मात्र एसटी स्टँडसारखं असतं. प्रत्येक जण वेगळ्या गावचा, एकेकटा, आणि कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नाही. मधुराला दोन्ही मोजायचं होतं.

मोजायचं कसं, तर वाट्यांनी. पिवळ्या रंगाच्या उथळ वाटीत पाणी ठेवायचं. फुलावर जाणाऱ्या माश्या, छोट्या गांधीलमाश्या, भुंगेरे, तुडतुडे, असे कितीतरी जीव पिवळ्याला भुलतात आणि वाटीत उतरतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे पाण्याची साय मोडते आणि उतरलेला जीव तरंगत न राहता बुडतो. सकाळी ठेवायच्या, दुपार कलली की उचलायच्या. पाणी चहाच्या गाळणीने गाळायचं, गाळणीत राहिलेलं स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं, आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. पेननं लिहिली तर स्पिरिट शाई खाऊन टाकतं. एवढंच. माझी बायको म्हणते, याच्यासाठी डॉक्टरेट देतात तर मला दोन मिळायला हव्यात, माझ्या वरणात रोज एक तरी माशी पडते.

तयार पिवळ्या वाट्या मागवायच्या तर बाहेरून येणार, वेळ लागणार. मी मोठेपणाने म्हटलं, रंगाची काय चिंता, आमचं घरच रंगाचं आहे. पेणच्या बाजारातून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या वाट्या आणल्या आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवल्या. गणपती होऊन गेले होते, कारखाना रिकामा होता, उरलेले रंग होते. वहिनींनी विचारलं, कशाला पाहिजेत? मी सांगितलं. चार ठिकाणं आहेत: खाली भाताच्या बांधावर, त्याच्या वर ठाकूरवाडी, तिच्या वर देवाची राई, आणि सगळ्यात वर माथा. नंतर निवडत बसायला नको म्हणून मी वाट्यांचे चार ढीगही करून दिले. वहिनी म्हणाल्या, "बरं, उद्या न्या." दुसऱ्या दिवशी चार पिशव्या बांधून तयार. पिवळाधमक रंग, एकही ओघळ नाही. वहिनींचा हात तसा. आमच्या भागात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे मोजके आहेत, त्यांत त्या आहेत.

मग आमचं बेट सुरू झालं. ठाकूरवाडीतले चांगूमामा वाट दाखवायला. पुढे चांगूमामा, मधे मधुरा, मागे पिशव्या घेऊन धापा टाकणारा मी. पहिल्या दिवशी राईपाशी पोचेपर्यंत मी तीन वेळा बसलो. चांगूमामा म्हणाले, "मास्तर, किडं वर जातान, तुमी खाली जा." त्यांना मी परिचर आहे हे सांगून झालं होतं, पण वाडीत शर्ट पँटमधे खोचणारा माणूस मास्तरच असतो.

प्रत्येक ठिकाणची पिशवी त्या त्या ठिकाणीच ठेवत होतो, चांगूमामांनी झाडाच्या ढोलीत, दगडाच्या आड जागा करून दिल्या होत्या. चारही ठिकाणच्या वाट्या एकत्र कधी आल्याच नाहीत. हे त्या वेळी फार सोयीचं वाटलं होतं.

दिवाळीनंतर आकडे दिसायला लागले, आणि सरांची झोप उडाली. भातापेक्षा वाडीवर जास्त, वाडीपेक्षा राईत जास्त, आणि राईपेक्षा माथ्यावर जास्त. आकडाही जास्त आणि प्रकारही जास्त. फेरीमागून फेरी तेच. मधुराने संगणकावर आलेख काढला, तर रेघ घाटाच्या रस्त्यासारखी सरळ वर चढत गेलेली. सर ती रेघ बघत बसायचे. असं कुठेच होत नाही, ते म्हणायचे. उघडा माळ, वारा, चार झुडपं, आणि तिथे सगळ्यात जास्त? म्हणजे आपल्या डोंगरात काहीतरी आहे. ते त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. एका मोठ्या परिषदेत हे मांडायचं त्यांनी ठरवलं, तसं कळवलंही. त्यांच्या मागे मधुराचं नाव. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. परिषदेत हे गाजलं की पुढची जागा मिळेल, बाहेर कुठेतरी, कदाचित तिचं ते बेटसुद्धा. आमच्या डोंगराचं नाव परदेशात घेतील, या विचाराने मीही शर्टाला इस्त्री करायला लागलो.

मधुरा खूश होती, पण तिची एक सवय होती. आलेखाकडे बघताना ती ओठ चावायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "काका, माथ्यावर आपण बसतो तेव्हा मला इतके किडे दिसत नाहीत हो. वाटीत मात्र येतात." मी म्हटलं, अगं, आपण दोघं एवढी बडबड करतो, कोण येईल समोर?

शेवटच्या फेरीनंतर वाट्या खाली आणायच्या होत्या. माघी गणपतीचे दिवस जवळ आलेले. चारही पिशव्या घेऊन आम्ही ठाकूरवाडीत चांगूमामांच्या अंगणात टेकलो. मामांच्या सुनेने वाट्या हातपंपावर धुतल्या आणि सारवलेल्या अंगणात उन्हात पालथ्या मांडायला घेतल्या. पिशवीमागून पिशवी रिकामी करत गेली, तशा चार ओळी झाल्या. मी ओसरीवर कोरा चहा पीत होतो. मधुरा बोलता बोलता मधेच थांबली.

मी बघितलं तेव्हा मलाही दिसलं. एका ओळीशेजारची दुसरी ओळ बघितली तर काही कळत नव्हतं. पण पहिली आणि चौथी बघितली की कुणा आंधळ्यालाही कळेल. भाताची ओळ हळदीसारखी. वाडीची तिच्याहून किंचित उजळ. राईची अजून. आणि माथ्याची ओळ अशी पिवळी, की उन्हात बघताना डोळे बारीक करावे लागत होते.

"काका," मधुरा म्हणाली, "हा रंग एकच होता ना?"

मी म्हटलं, एकच. म्हणजे पिवळाच.

ती उठली. चारही ओळींतल्या वाट्या घेऊन तिने अंगणाच्या पलीकडे वालाच्या शेतात एकाआड एक अशा सरमिसळ मांडल्या, पाणी घातलं, साबण घातला. वाल फुलावर होता. मग येऊन ओसरीवर बसली आणि शेताकडे पाठ केली. वेळ होईपर्यंत बघायचं नाही, म्हणाली. चांगूमामांना वाटलं, बाई रुसल्या. त्यांनी तिला भाजलेल्या शेंगा आणून दिल्या. तिने सोलल्या, पण खाल्ल्या नाहीत. सोललेल्या दाण्यांची मुठीएवढी रास तिच्यापुढे झाली.

दुपार कलल्यावर आम्ही वाट्या बघितल्या. सगळ्या एकाच शेतात, एकाच उंचीवर, एकाच उन्हात. तरी हळदी वाट्यांत दोन-चार माश्या, आणि माथ्याच्या वाट्यांत तळाशी नुसता काळा थर. आमची ती सरळ चढत गेलेली रेघ त्या वालाच्या शेतात पुन्हा उभी राहिली होती, डोंगर न चढता.

मधुरा खाली बांधावर बसली. मला वाटलं, ती परिषदेचं बोलेल, शिष्यवृत्तीचं बोलेल. ती वाटीकडे बघत म्हणाली, "काका, आपण एवढे जीव घेतले. ते कशासाठी घेतले मग?"

मी आजवर हजारांनी किडे स्पिरिटमधे घातले आहेत. मुंग्या, फुलपाखरं, चतुर. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःला तर नाहीच. त्या दिवशी डोंगर उतरताना पाठीवरच्या बाटल्यांचा किणकिणाट मला नको वाटत होता.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी कारखान्यात गेलो. वहिनी माघी गणपतीच्या मूर्तीची आखणी करत होत्या. आखणी चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही, जिन्यावरून पाय आपटत चालत नाही, मोबाईलसुद्धा भिंतीकडे तोंड करून बंद करतात. एक डोळा झालेला होता, दुसरा व्हायचा होता. आम्ही दोघं रांगेने ठेवलेल्या पांढऱ्या मूर्तींमधे उभे राहिलो. वाईट बातमी घेऊन कुणी एवढं शांत उभं राहिलं नसेल. दुसरा डोळा झाला. वहिनींनी ब्रश खाली ठेवला, वळून बघितलं.

"काय गो, अशी तोंड पाडून का आलीस? संपले काय डोंगरावरचे किडे?"

मधुराने पिशवीतून दोन वाट्या काढल्या, एक भाताची आणि एक माथ्याची, आणि शेजारी ठेवल्या. म्हणाली, "वहिनी, हे दोन रंग वेगळे आहेत."

"हाय मग. वेगलेच पायजेत."

"वेगळे का?"

वहिनींना प्रश्नच कळला नाही. भाताला पाणी का लागतं, असं विचारल्यासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग ओढणीला धरून तिला कारखान्याच्या मागच्या भागात नेलं. तिथे मंडळाची एक उंच मूर्ती होती, पत्र्याला मुकुट टेकलेला. "ही बघ. पितांबराला जो पिवला लावला तोच मुकुटाला लावला असता ना, तर खालनं मातकट दिसला असता. वर जाशील तसा रंग चढता घ्यायचा. पायाशी साधा, छातीशी उजल, मुकुटाला सगल्यात कडक. तवा खालनं बघनाऱ्याला सगला सारखा दिसतो. सासूबायंनी शिकवलान मला. भावजींनी सांगितला, ह्या वाट्या खालच्या, ह्या माथ्यावरच्या. मी तसा रंग घेतला. माथ्यावरच्यात तर चमकीचा पिवला घातला, नाय तर खालच्या किड्यांना दिसायचा कसा?"

"वहिनी," मी म्हटलं, "किडे खालून बघत नाहीत."

"मंग कुठनं बघतात?"

 

मधुरा हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. तेव्हा वहिनींना कळलं की गोष्ट रंगापुरती नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थोडक्यात सांगितलं. रेघ, सर, परिषद, शिष्यवृत्ती. वहिनींनी भिंतीला हात टेकला.

"म्हंजे माझ्या रंगानं तुझा सगला इस्कोट झाला म्हन की."

"नाही वहिनी. रंग तुमच्या रीतीने बरोबरच होता. मी कुणाला काही विचारलंच नाही. पिवळा म्हणजे पिवळा, असं मला वाटलं."

वहिनी परत येऊन बसल्या आणि धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी दुसरी मूर्ती आखायला घेतली नाही.

आता सर. मला त्यांच्याबद्दल वाकडं लिहायचं नाही, कारण मला ते आवडतात, आणि त्या दिवशी त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाले, की वाट्या पिवळ्या होत्या, आपण पिवळ्याच लिहिल्या आहेत, यात खोटं काय आहे? छटा कोण विचारतं? हवं तर तळटीप टाकू, की रंगात थोडाफार फरक असू शकतो. पुढे कुणी पुन्हा मोजेल, चूक असेल तर दुरुस्त करेल. शास्त्र असंच चालतं.

मधुरा म्हणाली, "सर, ती रेघ डोंगराची नाही. वहिनींची आहे."

 मी बाटल्या पुसत होतो, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. शेवटी सर म्हणाले, "मला वाटलं होतं, जाता जाता आपलं काहीतरी राहील." एवढंच. मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि परिषदेच्या लोकांना सांगितलं, की आमचं नाव काढा. कारण विचारलं असावं. सर म्हणाले, आमच्या मोजणीत दोष निघाला. आवाज अगदी साधा. मी त्यांना इतकी वर्षं चहा देतोय, पण त्या दिवशी मी कप टेबलावर न ठेवता त्यांच्या हातात दिला.

गोळा केलेले किडे आम्ही टाकले नाहीत. कोण कुठे सापडला, एवढं तरी खरं होतंच. फक्त किती, ते खरं नव्हतं. मधुराने रात्रंदिवस बसून एकूण एक बाटलीत आणखी एक चिठ्ठी घातली: वाटीचा रंग वेगळा, तुलना करू नये. कपाटात त्या बाटल्या आहेत. पुढे कुणी उघडलं तर फसणार नाही.

शिष्यवृत्ती संपली. मधुराने धाटावच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरी धरली. कधी पहिली शिफ्ट, कधी रात्रपाळी. तिच्या आईला वाटलं, सुटली एकदाची पोरगी त्या किड्यांतून. पण गणपती झाल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, काका, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढाल का? पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, माझं वय बघ, पोट बघ. ती म्हणाली, बघितलं, म्हणूनच विचारते, पटापट चढणारा माणूस मला परवडत नाही, मी रात्रपाळी करून आलेली असते.

या खेपेला रंगवायचं काम दुसऱ्याला द्यावं, असं मी सुचवलं. वहिनींच्या जिवाला नको म्हणून. हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वाट्या आनून टाका हितं."

मी वहिनींना कठीण कामं करताना बघितलंय. एका रात्रीत अख्खी मूर्ती बदलून दिलेली बघितलीय. पण त्या वाट्यांएवढं अवघड काम त्यांनी कधी केलं नसेल. एकच डबा, एकच ढवळणं, एकच हात. पहिल्या वाटीला जो रंग, तोच शेवटच्या वाटीला. मधेच त्यांचा हात दुसऱ्या डब्याकडे जायचा आणि त्या तो मागे घ्यायच्या. रंग वाळला की वाट्या एकमेकींना लावून बघायच्या, उजेडात, सावलीत. एका वाटीवर किंचित जाड थर बसला होता, ती त्यांनी बाजूला काढली. मी म्हटलं, कुणाला कळणार नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी गप बसा. असा मुरदाड काम आमी नवीन पोरांना देतो, ज्यांना रंग कलत नाय. न् तेच मला जमंना झालाय." मग पुन्हा खाली मान घालून बसल्या.

तो सगळा हंगाम आम्ही मधुराच्या सुट्टीच्या दिवसांनी चढलो. कधी सरही यायचे. निवृत्त झाले होते, वाडीपर्यंत येऊन चांगूमामांच्या ओसरीवर बसायचे आणि आम्ही उतरलो की आधी बाटल्या मागायचे. या वेळची रेघ सरळ नव्हती. भातात गर्दी भरपूर, प्रकार थोडके. वाडीजवळ प्रकार वाढले, कारण परस, वाल, उकिरडा, गोठा, सगळं मिसळलेलं. राईत सगळ्यात जास्त. आणि माथ्यावर रेघ धाडकन खाली. म्हणजे जसं बेटांवर काही ठिकाणी होतं, तसंच. आमच्या डोंगराने वेगळं काही केलं नव्हतं. सरांनी तो आलेख बघितला आणि म्हणाले, "साधा आहे." मग पुन्हा बघितला आणि म्हणाले, "छान आहे." माथ्यावर जे थोडके सापडले, त्यांतले काही खाली कुठेच नव्हते. एक बारीकशी माशी आहे, पाय लांब, पंख आखूड, वाऱ्यात उडण्याऐवजी गवताच्या बुंध्याशी धावते. तिचं नाव अजून आम्हाला लागलेलं नाही. मधुराने तिचे फोटो जाणकारांकडे पाठवले आहेत.

हंगाम संपत आला तेव्हा वहिनींनी जाहीर केलं, की मी येणार. भाऊ म्हणाला, गुडघे बघ. वहिनी म्हणाल्या, गुडघे घेऊनच येते.

पायात बूट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अशा वहिनी डोंगर चढल्या. राईत पोचल्यावर त्या वाटीपाशी वाकून बसल्या. वाटीत हिरव्या चकचकीत पाठीचे भुंगेरे होते, धाग्याएवढ्या कमरेच्या गांधीलमाश्या होत्या, फुलमाश्या होत्या. वहिनी कितीतरी वेळ एका भुंगेऱ्याची पाठ बघत राहिल्या. असा हिरवा आमच्या डब्यात येत नाय, म्हणाल्या. मधुराने त्यांना भिंगातून तो दाखवला. मग त्या पुढे चढल्या.

माथ्यावर वारा होता. गवत आडवं पडलेलं. वाट्या दगडांच्या आडोशाला. पहिल्या वाटीत दोन माश्या. दुसरीत एक तुडतुडा. तिसऱ्या वाटीत काहीच नव्हतं, स्वच्छ पाणी आणि तळाचा पिवळा. वहिनींनी वाकून बघितलं, वाटी जराशी हलवून बघितली. त्यांचा चेहरा पडला.

"गो, ह्याच्यात तर काय नाय. रंग फिका पडला काय?"

"नाही वहिनी, रंग तोच आहे," मधुरा म्हणाली. तिने वाटी उचलली आणि भरलेल्या वाटीसारखीच, हात न हलवता, गाळणीवर ओतली. गाळणी उजेडाकडे धरून बघितली. मग एक नवी बाटली काढली, तिच्यात स्पिरिट घातलं, पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली, आत सोडली आणि बूच लावलं.

"मंग ही बाटली कशाला?"

"इथे वाटी ठेवली होती आणि काही आलं नाही, हे कळायला."

वहिनींनी बाटली मागून घेतली. आतली चिठ्ठी वाचली. माथा, वाटी तीन, आणि पुढे शून्य. मधुराने शून्य नीट गोल काढलं होतं. वाऱ्याने वहिनींच्या डोक्यावरचा टॉवेल सुटला, तो त्यांनी एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने ती बाटली पिशवीतल्या भरलेल्या बाटल्यांच्या रांगेत सरळ उभी करून ठेवली.

"चल," त्या म्हणाल्या, "चौथी कुठं ठेवलीस?"